दोन वाजताची रेघ

१० नोव्हेंबर

टिल्लू,

मायना काय घालावा ते सुचेना, म्हणून नुसती हाक लिहिली. सहा फुटी माणसाला या नावाने हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नसेल.

तू पाकीट फोडलंस हेच पुष्कळ. तुझा फोन सगळ्यांना लागतो, फक्त माझ्या नंबरवरून लागत नाही. त्यावरून जे समजायचं ते मी समजले आहे. पत्ता आत्याने दिला. तिच्यावर डाफरू नकोस, मी तिच्या दारात ठाण मांडून बसले होते.

बाबा आजारी आहेत. खरोखर आजारी आहेत. आता तू पत्र चुरगाळायच्या बेतात असशील, म्हणून लगेच सांगते: हे ताई सांगतेय म्हणून तू विश्वास ठेवावास असं माझं मुळीच म्हणणं नाही. तुझ्या लेखी माझ्या शब्दाला काय किंमत आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून शब्द कमी आणि मापं जास्त लिहीन. वॉर्डाचा फोन नंबर पाकिटामागे लिहिला आहे. पडताळायचं असेल तर सर्जन बाईंना विचार, मला नको.

शुक्रवारी जिन्याखालून सायकल काढताना पेडल बाबांच्या नडगीला लागलं. खरचटलं ते नखाएवढं. शनिवारी दुपारपासून पाय दुखतो म्हणून आरडाओरडा सुरू. चाळीस वर्षं भाजीबाजारात लिलाव पुकारलेला गळा आहे तो, गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. पाय थोडा लाल, थोडा गरम, ताप शंभर. वरवरचा जंतुसंसर्ग आहे म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि दोन दिवसांनी दाखवा म्हणाले. ते चुकले.

काल रविवार, माझी सुट्टी. दुपारी दोन वाजता मी लाली जिथे संपते तिथून बॉलपेनने रेघ ओढली आणि शेजारी वेळ लिहिली. वॉर्डात हे रोजचं काम आहे. लाली रेघेच्या आत राहिली तर औषध लागू पडतंय, बाहेर सरकली तर नाही. साडेसहाला ती रेघेबाहेर पाच बोटं होती. नडगीवर रुपयाएवढा जांभळा डाग, त्याच्या कडेला पाण्याचे दोन फोड. नाडी १२८, रक्तदाब ८४ वर ५०. मी गाडी मागवली.

सर्जन बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे, पण हाताची पक्की. तिने लाली पाहिलीच नाही फारशी. लाली संपते त्याच्या पलीकडे, चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा दाबला. तिथेही मांस लाकडासारखं टणक. मला म्हणाली, "सिस्टर, हात लावून बघा." मी लावला. मग तिने जागा बधिर करून दोन बोटांएवढा छेद घेतला. रक्त आलं नाही. भांडी विसळलेल्या पाण्यासारखं करडं पाणी आलं. तिने आत बोट घातलं तर ते कातडीखालून सरळ सरकत गेलं, कुठे अडलंच नाही. निरोगी माणसात ते अडतं. ती म्हणाली, "स्कॅनची वाट बघायची नाही. टेबल तयार करायला सांगा."

तुला समजावं म्हणून लिहिते. कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये एक पातळ पांढरं अस्तर असतं, कोटाच्या आत असतं तसं. काही जंतू त्या अस्तरातून पळत सुटतात. वाटेतल्या रक्तवाहिन्या बंद पडतात, मांस मरतं, आणि वरची कातडी कित्येक तास बरी दिसत राहते. मेलेल्या मांसात रक्त जात नाही, म्हणून नुसतं औषधही तिथे पोचत नाही. कापूनच काढावं लागतं, आणि तेही ताबडतोब.

काल रात्री नऊला टेबलावर घेतलं. जखम उघडी ठेवली आहे. लांबी ३१ सेंटिमीटर, रुंदी १४. मी स्वतः पट्टी लावून मोजली.

ये असं म्हणत नाही. कळवायचं होतं, कळवलं.

ताई


१२ नोव्हेंबर

टिल्लू,

हे पत्र आधीच्याच्या पाठोपाठ पोचेल. बाबा अतिदक्षता विभागात आहेत. रक्तदाब औषधावर टिकवून धरला आहे. तीन वेगवेगळी प्रतिजैविकं शिरेतून चालू. साखर साडेतीनशे होती, ती आता दोनशेच्या आत आणली. गोड खात नाही म्हणून शपथा घेणाऱ्या माणसाच्या उशीखाली घरी काय काय सापडलं ते लिहीत नाही.

परवा संध्याकाळी पुन्हा टेबलावर घेतलं. पहिल्या खेपेला सगळं निघत नाही, म्हणून चोवीस तासांत पुन्हा उघडून बघायचंच असतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणखी काळं निघालं. जखम आता ३८ सेंटिमीटर. उद्या तिसऱ्यांदा. सर्जन बाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "उद्या मांडीत चढलेलं दिसलं तर पाय ठेवता येणार नाही. मांडीतून काढावा लागेल. तरच माणूस वाचेल." संमतीच्या कागदावर तिने दोन्ही लिहिलं आहे. सही मी केली.

इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या बायकांना, मुलांना, भावांना पेन देऊन बोट ठेवलंय, इथे सही करा म्हणून. स्वतःवर आली तेव्हा माझं आडनाव मला नीट लिहिता येईना. तू असतास तर तुझ्या हातात पेन दिलं असतं आणि नंतर आयुष्यभर तुलाच बोल लावला असता. तेव्हा नाहीस तेच बरं, असंही वाटून गेलं.

बाबा मधूनमधून भानावर येतात. भानावर नसताना लिलाव चालू असतो, पण अगदी हळू आवाजात. वांग्यांची पाटी, दुधी, काय काय. एकवार, दोनवार. तीनवारपर्यंत पोचत नाहीत, झोप लागते. भानावर आले की एकच गोष्ट सांगतात. "टिल्लूला कळवू नकोस. त्याला वाटेल, म्हाताऱ्याने पुन्हा सुरू केलं."

म्हणजे त्यांनाही सगळं आठवतंय.

मलाही आठवतंय. आदल्या रात्री तुझी पिशवी भरून दारात ठेवलेली. तू बंदरावर पोचलेला, बोटीवर इंजिनाच्या खात्यात पहिली नोकरी, संध्याकाळी पाचला बोट सुटणार. इकडे बाबांनी छातीला हात लावला आणि खाटेवर अंग टाकलं. निरोप मिळताच तू फोन केलास. "ताई, तू नर्स आहेस. नाटक की खरं, तेवढं सांग." आणि मी म्हणाले, "नाडी चुकतेय, ये." तू आलास. बोट गेली. रात्री बाबांनी दोनदा भात मागून घेतला.

नाडी चुकत नव्हती. बहात्तर होती, आणि घड्याळासारखी. तू इतका लांब जाऊ नयेस असं त्यांना वाटत होतं, आणि मलाही वाटत होतं. मी हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला ते कळलंच होतं. महिन्याभराने तू त्याहून लांब गेलास आणि उंबऱ्यात म्हणालास, "आता खरंच मेले तरी कळवू नका."

अजून मेलेले नाहीत, म्हणून कळवते आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. आज नको. उद्याचं होऊन जाऊ दे.

ताई


१५ नोव्हेंबर

टिल्लू,

पाय राहिला.

तेरा तारखेला तिसऱ्यांदा उघडलं. मी आत उभी होते. सर्जन बाईने मांडीकडच्या कडेला कात्री लावली आणि रक्त आलं. लालभडक, चांगलं वाहतं रक्त. ती मास्कमधून म्हणाली, "हे असं पाहिजे!" आणि मी भिंतीला टेकले. मला तिथे चक्कर आली असती तर वॉर्डातल्या पोरींनी वर्षभर माझी चेष्टा केली असती. रक्तदाबाचं औषध काल थांबवलं. ताप नाही. नाडी ९२.

आता ती दुसरी गोष्ट. ही लिहायला मी तीन दिवस चुकारपणा केला आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, दोन वाजता रेघ ओढली. ते अर्धंच खरं आहे. दोन वाजताची रेघ दुसरी होती. पहिली मी सकाळी दहा वाजता ओढली होती.

कशासाठी ओढली तेही ऐक. काळजी वाटली म्हणून नाही. त्यांचं तोंड बंद करायला. सकाळपासून "मेलो, मेलो, पायात कुणीतरी तापलेली सळई फिरवतंय" हे चाललं होतं आणि मला आठवड्यातली एकच सुट्टी. कपडे भिजत पडलेले. मी विचारलं, "दहापैकी किती?" आमच्या घरात या प्रश्नाचं काय होतं तुला माहीत आहे. काटा रुतला तर बारा. सर्दी झाली तर अकरा. लिलावच तो. ते म्हणाले, "पंधरा." मी हसले. मग पेन आणलं आणि लालीभोवती रेघ ओढून वर "१०" लिहिलं. म्हटलं, "ही बघा लक्ष्मणरेषा. हिच्या बाहेर गेलं तर मी मानते. तोवर गप्प पडायचं."

दोन वाजता जेवायचं ताट घेऊन गेले तेव्हा लाली रेघेच्या बाहेर होती. एक बोट, काही ठिकाणी दीड.

टिल्लू, शिकाऊ मुलींना मी पहिल्या आठवड्यात सांगते. जखम दिसते त्याच्या मानाने फार दुखत असेल तर जखमेवर विश्वास ठेवू नका, दुखण्यावर ठेवा. रेघ ओलांडली तर कुणाची वाट बघू नका. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि तिथे ताट हातात धरून मी काय विचार केला? की सकाळी घाईत रेघ ओढली, वाकडी गेली असेल. पाय हलवला असेल त्यांनी. बोटभर म्हणजे काही फार नाही. आणि सगळ्यात आत, अगदी तळाशी: आता हे खरं निघालं तर ते मला वर्षभर ऐकवतील.

मी स्पिरिटचा बोळा आणला, दहाची रेघ पुसली आणि एक बोट बाहेरून नवी ओढली. तिच्यावर "२" लिहिलं.

बाबा बघत होते.

पाच वाजता ओरडणं थांबलं. म्हणाले, "आता दुखत नाही गं." मी म्हटलं, चला, गोळी लागू पडली. निवांत चहा ठेवला. टिल्लू, मी चहा केला. दुखणं थांबलं कारण तिथले मज्जातंतू मेले होते. हेही मी शिकवते. साडेसहाला दुसरा कप द्यायला गेले तेव्हा तो जांभळा डाग दिसला.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांवर मी पहिल्या पत्रात खापर फोडलं, ते मागे घेते. शनिवारी संध्याकाळी त्या पायात कुणालाच काही दिसलं नसतं. रविवारी दोन वाजता दिसत होतं, आणि ते मला दिसलं होतं.

हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. गाडीतून उतरवलं तेव्हा सर्जन बाईने पाय उजेडात धरून विचारलं होतं, "याच्या आत पुसट निळं काय दिसतंय? आधी एखादी रेघ होती का?" मी स्ट्रेचरचा पट्टा सोडवत राहिले. बाबा स्ट्रेचरवरून म्हणाले, "नाही हो. एकच काढली पोरीने. दोन वाजता." तोवर ते पूर्ण शुद्धीत होते. आयुष्यात शिंकसुद्धा चार माणसांना सांगितल्याशिवाय न राहिलेला माणूस, आणि हे पोटात ठेवलं.

साडेचार तास. दोनला निघाले असते तर साडेचारपर्यंत टेबलावर असते. नडगीपुरतंच कापावं लागलं असतं की आता कापलं तेवढंच, हे कुणीच सांगू शकत नाही.

माझी मान आता तुझ्या हातात आहे. तुला सोडून हे लिहायला दुसरं कुणी सुचलं नाही. माझ्यावर आधीच विश्वास नसलेला तू एकटाच आहेस.

ताई


२४ नोव्हेंबर

टिल्लू,

तुझ्याकडून काही नाही. ठीक आहे. मी अपेक्षा ठेवली नव्हती. खोटं लिहिलं, ठेवली होती.

बाबा माझ्याच वॉर्डात आले आहेत, खिडकीजवळची खाट. जखमेवर स्पंज बसवून वरून प्लॅस्टिक चिकटवतात आणि नळीने आतली हवा ओढून घेतात. यंत्र दिवसभर गुरगुरत असतं. दर तिसऱ्या दिवशी ते बदलायचं. तळ आता लाल, दाणेदार दिसतो, म्हणजे भरत चाललाय. पुढच्या आठवड्यात मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावतील.

सगळं मापाने बरं चाललंय, आणि मला एक गोष्ट खटकते आहे. बाबा ओरडत नाहीत.

हा स्पंज बदलताना धडधाकट गडी आईला हाका मारतात. आधी दुखणं कमी करायचं इंजेक्शन देतो, तरी मारतात. बाबा छताकडे बघत पडून राहतात. उशीचा कोपरा मुठीत आवळलेला असतो. "दहापैकी किती?" म्हणून विचारलं तर म्हणतात, "दोन." वॉर्डातली मावशी परवा म्हणाली, "सिस्टर, तुमचे वडील किती सोशिक हो." मी संडासात जाऊन नळ सोडून उभी राहिले. टिल्लू, तो माणूस सोशिक नाही. त्याला मीच गप्प बसवलंय. आधी रेघ ओढून आणि मग ती पुसून.

काल पाय वर घेऊन उशी सारखी करताना विचारलं, "बाबा, त्या दिवशी सर्जन बाईंना खोटं का सांगितलंत?"

म्हणाले, "तू नाही का बोललीस एकदा माझ्यासाठी? नाडी चुकतेय म्हणून?"

मी उशी पुन्हा सारखी केली. थोड्या वेळाने म्हणाले, "तेव्हा पोर गेलं. आता तुझी नोकरी जायला नको."

आज सकाळी मी सर्जन बाईच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. दहाची रेघ, स्पिरिट, चहा. तिने पेन खाली ठेवलं. बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. निळं पुसट दिसत होतं." मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही धरलंत? ती म्हणाली, "तेव्हा पाय महत्त्वाचा होता. आता केसपेपरवर तुमच्या हाताने लिहा. वेळेसकट." मी लिहिलं. खाली सही केली. या वेळी आडनाव नीट आलं. वरिष्ठांकडे जाईल, चौकशी होईल, काय व्हायचं ते होईल. मला भूक लागली होती, कँटीनमध्ये जाऊन पोटभर खाल्लं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

बाबांना सांगितलं तेव्हा ते चिडले. "मी काय उगाच खोटं बोललो होतो?" म्हणाले. पण आवाज चढवला नाही. पूर्वी या वाक्याला खिडक्यांच्या काचा हलल्या असत्या.

आता विनंती करते. पहिल्या पत्रात केली नव्हती, ती आज करते. ये. मला माफ करायला नको, त्यांनाही करू नकोस. येऊन भांड त्यांच्याशी. तू भांडलास की त्यांना ओरडावंच लागेल.

ताई


२७ नोव्हेंबर

टिल्लू,

माझं चोवीस तारखेचं पत्र तुला अजून पोचलेलं नसणार, कारण ते पोचलं असतं तर काल तू जे केलंस ते केलं नसतंस.

काल दुपारी वॉर्डातला फोन वाजला. मी तेव्हा औषधांच्या कपाटाशी होते. मावशीने उचलला, "कुणाला तरी सर्जन बाई हव्यात," म्हणून बाईला बोलावून दिला. बाई फोनवर बावीस मिनिटं होती. माझ्याकडे पाठ करून, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत. मधूनच "बरोबर," मधूनच "हो, बरोबर." एकदा म्हणाली, "नाही, एकतीस नाही, साडेतीस. तुमच्या बहिणीने अर्धा सेंटिमीटर जास्त धरलाय." तेव्हा माझ्या हातातली बाटली कपाटावर आपटली.

फोन ठेवून ती माझ्याकडे आली. म्हणाली, "तुमचा भाऊ. तिन्ही पत्रं वाचून दाखवली आणि प्रत्येक ओळीला विचारलं, हे खरं आहे का?"

मी म्हटलं, तिन्ही?

"तिन्ही. तिसऱ्यात मात्र एक पान गाळलं असणार त्याने. भडाभडा वाचत होता, मध्येच अडखळला, घसा खाकरला आणि म्हणाला, पुढे लिहिलंय, दोन वाजता रेघ ओढली, एकच. खरं का? मी म्हटलं, केसपेपरवर काय आहे ते मी घरच्यांना सांगते, आणि केसपेपरवर दोन रेघा आहेत, तुमच्या बहिणीने स्वतः लिहिल्या आहेत." मग चष्मा पुसत म्हणाली, "सिस्टर, तुमच्या घरात सगळेच असे आहेत का हो?"

मी म्हटलं, हो.

तू माझ्यासाठी खोटं बोललास, टिल्लू. सहा वर्षं ज्यासाठी माझं तोंड बघितलं नाहीस, तेच केलंस. खोटं बोलणं तुला जमत नाही, हेही बाईने सांगितलं. सराव नाही म्हणे.

शेवटी तू भेटीची वेळ विचारलीस. एवढंच. येतो म्हणाला नाहीस, तारीख सांगितली नाहीस. मीही बाईला खोदून विचारलं नाही. भेटीची वेळ चार ते सहा आहे, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. दारात पायपुसण्याशी पायरी आहे, उंच माणसं तिथे हमखास ठेचकाळतात.

आज स्पंज बदलायचा दिवस होता. ट्रे घेऊन मीच गेले. बाबा नेहमीसारखे छताकडे बघत होते. प्लॅस्टिकची कड सोडवताना म्हटलं, "काल टिल्लूचा फोन आला होता."

त्यांनी मान वळवली.

"तो काय म्हणाला?"

"भेटीची वेळ विचारली."

मी स्पंज ओढला. आणि टिल्लू, त्या माणसाने जी बोंब ठोकली! "अरे मेलो रे! ठार मारतेय रे ही पोरगी मला! कुणीतरी धरा हिला!" पलीकडच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठून बसले. मावशी जिन्यावरून धावत आली. सर्जन बाई राउंड सोडून दारात येऊन उभी राहिली. मी स्पंज तसाच ट्रेमध्ये टाकला आणि खाली बसले. मी रडत होते आणि ते माझ्यावर ओरडत होते, "रडतेस काय? दुखतंय मला की तुला?"

बाईने दारातूनच विचारलं, "काका, दहापैकी किती?"

"पंधरा!"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी उठले, डोळे पुसले, तक्ता खिळ्यावरून काढला. त्या रकान्यात दहाच्या वर लिहायची सोय नाही. मी पंधराच लिहिले, वेळ घातली आणि सही केली.

ताई